टण आणि टप

आमचे साडू चाकणहून निगडीला आले की पिशवीतून कांदे निघतात. तळेगाव चौकात तासभर अडकूनही माणूस रिकाम्या हाताने आला नाही, या कौतुकापोटी आमच्याकडे चहात आलं पडतं. त्या गुरुवारी (गुरुवार म्हणजे आमच्या एमआयडीसीचा रविवार) मात्र पिशवीच नव्हती. साडूंनी चपला काढल्या, मेव्हणी आतल्या खोलीत हिच्याशी बोलण्यात गुंतल्याची खात्री करून घेतली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पंखा पाचावर नेला आणि माझ्या कानाशी लागून विचारलं,

"पाव्हणं, तुम्ही प्लॅस्टिकात होता ना?"

मी भोसरीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. इंजेक्शन मोल्ड बनवले. आधी बादल्यांचे, मग स्विचच्या बटणांचे, शेवटी गाड्यांच्या पार्टांचे. मोल्ड पोलादाचा असतो, प्लॅस्टिक त्यात ओततात, म्हणजे मी खरा लोखंडातला माणूस, हे मी नातेवाइकांना एकतीस वर्षं सांगत आलो. त्यांच्या लेखी मी प्लॅस्टिकात होतो. एखादा कापडात असतो, एखादा किराण्यात, तसा. त्यामुळे कुणाच्या टबला चीर गेली, मिक्सरच्या झाकणाचा कान तुटला की ती वस्तू माझ्यापुढे आणून ठेवतात आणि मी वैद्यासारखी मान हलवतो. मला वाटलं, यांचंही असंच काहीतरी.

"होतो. का?"

"प्लॅस्टिकचं पिस्तूल टिकतं का वो?"

दिवाळी दोन महिन्यांवर होती. नातवासाठी विचारत असतील असं समजून मी म्हटलं, "टिकल्यांचं ना? नरकचतुर्दशीला घ्या, भाऊबीजेला चाप तुटतो. आपल्या वेळची पत्र्याची होती, ती बहिणीच्या डोक्यात घातली तरी टिकायची."

साडूंनी माझ्याकडे बघितलं आणि शर्टाचा उजवा पदर चार बोटं वर उचलून परत खाली सोडला. "खरं म्हणतोय मी."

साडूंच्या कमरेला पिस्तूल असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. जसं एखाद्याच्या डोक्यावर टोप असतो, तसं. कायद्याने ते उघडं मिरवता येत नाही, आणि साडू कायदा पाळणारे. म्हणून ते शर्टाच्या आत असतं. फक्त शर्ट असा शिवलेला असतो की आत काय आहे याबद्दल समोरच्याच्या मनात शंका राहू नये.

लायसन्स जुनं आहे. जमीन औद्योगिक क्षेत्राला गेली, राहिलेल्या जमिनीवर साडूंनी पत्र्याच्या अकरा शेड टाकल्या आणि भाड्याने दिल्या. त्या काळात व्यवहारातले पैसे घेऊन यायला-जायला लागायचं, म्हणून जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज केला. लोक गुंठामंत्री म्हणून चिडवायचे तो हा काळ. पुढे १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय झालं, चाकण ग्रामीण पोलिसांकडून तिकडे गेलं आणि त्याबरोबर साडूंच्या फायलीनेही गाव बदललं. पिस्तूल सरकारी आयुध कारखान्याचं, बत्तीस बोअरचं, अंगभर पोलादी. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. बाकी चाकणच्या मातीला दारूगोळा नवा नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी इथला भुईकोट शाइस्तेखानाच्या फौजेपुढे पन्नासहून जास्त दिवस लढवला, आणि शेवटी बुरूज उडाला तो सुरुंगाच्या दारूने. तेव्हापासून चाकणच्या माणसाला स्फोटाबद्दल आदर आणि भिंतीच्या जाडीबद्दल आस्था आहे.

"पण आहे ना तुमच्याकडे एक, मग प्लॅस्टिकचं कशाला?"

साडूंनी पुन्हा आतल्या खोलीकडे बघितलं. "कंबर," ते म्हणाले. "उजवी बाजू धरते. डॉक्टर म्हणाले, मणक्याची गादी सरकली. म्हणाले, उजव्या बाजूला जड पाकीट ठेवता का? आता त्यांना काय सांगू? म्हटलं, हो, पाकीटच."

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याने त्यांना सांगितलं होतं की जगात आता सगळी पिस्तुलं पॉलिमरची असतात, हलकी फूल. पॉलिमर म्हणजे काय, हे साडूंनी त्याला विचारलं तेव्हा तो "एक प्रकारचं प्लॅस्टिक" असं म्हणाला, आणि तिथे साडूंचा जीव अडकला. कंबर एकीकडे ओढत होती, मन दुसरीकडे.

या पट्ट्यात राहणाऱ्यालाच ही ओढाताण कळेल. पिंपरीपासून चाकणपर्यंत दर दुसऱ्या शेडमध्ये प्लॅस्टिकची मशीनं रात्रंदिवस चालतात. साडूंच्या अकरातल्या चार शेड मोल्डिंगवाल्यांच्या. त्यांच्या नातवंडांची शाळेची फी प्लॅस्टिकवर, सोफा प्लॅस्टिकवर, ते कमरेचे डॉक्टरसुद्धा प्लॅस्टिकवर. पण प्लॅस्टिकवर विश्वास? छे. विश्वास लोखंडावर.

आपल्याकडे भरवशाची एकच चाचणी आहे, टिचकी. माठ घेताना टिचकी, कलिंगड घेताना टिचकी, लग्नात आलेलं पातेलं अहेराच्या वहीत लिहिण्याआधी टिचकी. टण वाजलं तर माणूस खानदानी, टप वाजलं तर बिनभरवशाचा. नवी गाडी बघायला गेलेला आमच्याकडचा माणूस आधी इंजिन बघत नाही, मायलेज विचारत नाही. बंपरला टिचकी मारतो आणि बरोबर आलेल्याकडे खिन्न नजरेने बघतो. "प्लॅस्टिक आहे हो." ज्या बंपरचा मोल्ड पॉलिश करताना माझ्या बोटांची सालं गेली, त्याच बंपरला आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थाने माझ्यादेखत 'डबडं' म्हटलं होतं.

या श्रद्धेचं दैवत म्हणजे चेतक. १९७२ साली आली, आकुर्डीत बनायची, नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं आणि अंग पोलादी पत्र्याचं. वेगळा सांगाडाच नाही, पत्रा हाच सांगाडा. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. साडूंकडची अजून गोठ्यात उभी आहे, वर पोतं टाकून. आता चेतकचा भरवसा कसला होता, ते आठवून बघा. सकाळी ती चालू व्हायची नाही. तिला एका बाजूला आडवी करायची, पुन्हा उभी करायची, किक मारायची. मग प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर घालून परत बसवायचा. पंधराव्या किकला ती धूर सोडून जागी व्हायची, तोवर फर्स्ट शिफ्टचा भोंगा होऊन गेलेला. एवढं करूनही तिला कुणी बिनभरवशाची म्हटलं नाही. का? तर ती कुणावर आपटली की पोचा समोरच्याला यायचा. २०२०मध्ये विजेवरची चेतक आली, तिचंही अंग पत्र्याचंच ठेवलं आणि जाहिरातीत ते ठळक सांगितलं. कंपनीला गिऱ्हाईक बरोबर कळतं. बॅटरी कितीही नवी असू दे, टिचकीला टण वाजलं पाहिजे.

मी साडूंना प्लॅस्टिक समजावून सांगायला बसलो. निवृत्त माणसाला असा श्रोता वर्षातून एकदा मिळतो.

म्हटलं, पिस्तुलाचं प्लॅस्टिक बादलीचं नव्हे. ते नायलॉनच्या जातीचं. नायलॉनची बंदूक म्हणजे कालची टूमही नाही. अमेरिकेत १९५९ साली रेमिंग्टन कंपनीने एक रायफल काढली, तिचं नावच 'नायलॉन ६६'. आमच्या स्टोअरमध्ये दाण्यांच्या गोण्यांवर जो 'नायलॉन सिक्स-सिक्स' असा शिक्का असतो, तोच हा. दहा लाखांवर खपली ती.

पण खरा गोंधळ केला ऑस्ट्रियातल्या गास्टन ग्लॉकने. व्हिएन्नाजवळ त्याचा कारखाना. पडद्यांचे रॉड करायचा, लष्कराला सुऱ्या पुरवायचा. पिस्तूल म्हणून आयुष्यात कधी बनवलेलं नव्हतं. लष्कराला नवं पिस्तूल हवं आहे असं त्याच्या कानावर आलं, त्याने जाणकार गोळा केले, त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं आणि चौकट प्लॅस्टिकची केली. १९८२ साली लष्कराने त्याचंच निवडलं. (आपल्याकडे निविदेच्या पहिल्याच पानावर 'तत्सम कामाचा पूर्वानुभव' मागितला असता आणि तो गृहस्थ पडद्यांचे रॉड विकत म्हातारा झाला असता.) मग अमेरिकेत घबराट उठली, की हे प्लॅस्टिकचं पिस्तूल विमानतळावरच्या यंत्रात दिसणारच नाही. १९९०च्या 'डाय हार्ड २' या सिनेमात तर नायक सांगतो की ते चिनी मातीचं आहे, जर्मनीचं आहे आणि एक्स-रेत दिसत नाही. ते चिनी मातीचंही नव्हतं, जर्मनीचंही नव्हतं आणि एक्स-रेत स्वच्छ दिसत होतं. कारण वरची स्लाइड पोलादी, नळी पोलादी, स्प्रिंगा पोलादी. प्लॅस्टिक फक्त खालची चौकट, म्हणजे मूठ आणि तिच्यावरचं घर. आणि त्या घरातसुद्धा स्लाइड ज्यावर सरकते त्या पट्ट्या पोलादाच्या, मोल्डमध्ये आधी बसवून वरून प्लॅस्टिक ओतलेल्या. इन्सर्ट मोल्डिंग! मिक्सरच्या नॉबमध्ये पितळेची गिट्टी बसवतात, तेच. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण आतून हिने विचारलं, "काय झालं हो?"

"बादलीचं बोलतोय," साडूंनी परस्पर सांगून टाकलं.

मी पुढे गेलो. नायलॉन ओलावा धरतं, म्हणून दाणे मशीनमध्ये घालण्याआधी हॉपरमध्ये तासनतास तापवून सुकवायचे. आणि गंमत म्हणजे साच्यातून निघालेला ताजा पार्ट ठिसूळ असतो, मग त्यालाच परत पाणी पाजायचं. आम्ही पार्ट गरम पाण्याच्या पिंपात सोडायचो. दोन दिवसांनी काढले की असे चिवट व्हायचे की हातोडीने तुटायचे नाहीत.

साडूंच्या चेहऱ्यावर प्रथमच समजूत उमटली. "म्हणजे लोणच्यागत मुरवायचं."

"अगदी. आणि त्यात काचेचे तंतू घालतात. शंभरात तीस भाग काच. तुमच्या गाडीचं बॉनेट उघडा. इंजिनाला हवा पुरवणारं मॅनिफोल्ड पूर्वी ॲल्युमिनियमचं असायचं, आता याच काचभरल्या नायलॉनचं. रेडिएटरच्या दोन्ही टाक्या त्याच्याच. इंजिनाला चिकटून, उकळत्या पाण्याला तोंड देत ते वर्षानुवर्षं बसतं. तुमच्या पाच नंबरच्या शेडमध्ये तेच निघतं, जाऊन बघा एकदा."

साडूंनी विचार केला. मग शांतपणे म्हणाले, "ते गाडीचं झालं, पाव्हणं. गाडी बंद पडली तर ढकलता येते."

याला उत्तर नव्हतं. एकतीस वर्षांत एकाही गुणवत्ता निरीक्षकाने मला इतकं निरुत्तर केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्यात बंदुकीच्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं, सिनेमातल्यासारखी भिंतभर हत्यारं असतील. निघालं ते आमच्या भोसरीतल्या बेअरिंगच्या दुकानासारखं. काउंटर, गल्ल्यामागे गणपती, आणि हत्यारांपेक्षा रजिस्टरं जास्त. साडूंनी भाच्याने लिहून दिलेली चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने ती वाचली, घडी घातली आणि अदबीने परत दिली.

"हे नऊ एमएम आहे साहेब. प्रोहिबिटेड बोअर. पोलिसांचं, लष्कराचं. तुमच्या लायसन्सवर बसत नाही."

म्हणजे जगभर जी प्लॅस्टिकची पिस्तुलं गाजली, त्यातली बहुतेक आमच्या साडूंसाठी गॅझेटातच अडकलेली. तिथे मी माझी माहिती पुढे केली, की आपल्याकडेही असं हत्यार झालं आहे; पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून 'अस्मी' नावाचं मशीन पिस्तूल केलं, २०२१च्या जानेवारीत ते जाहीर झालं, वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा. "पाषाणला," साडू म्हणाले, "आणि दगडसुद्धा वापरला नाय?" दुकानदार हसला. तेही नऊ एमएमच, तेही फौजेसाठीच.

"बत्तीसमध्ये बोला."

बत्तीसमध्ये बोलायचं म्हणजे आधी कुठलं बत्तीस ते ठरवायचं. पिस्तुलाचं बत्तीस हे ब्राउनिंगचं, १८९९ सालचं काडतूस; रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लांब, त्याच्याही आधीचं. नाव एक, पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही. आमच्याकडे एम-आठचा बोल्ट आणि पाच-सोळांशचा बोल्ट मांडीला मांडी लावून बसतात आणि नवीन पोरगा पान्याने आवळून दोन्हीचे आटे खातो, तसलीच ही जात. मग दुकानदाराने जुना परदेशी मालही सांगून बघितला. १९८०च्या दशकात आयात बंद झाल्यापासून जे आजोबांच्या काळचं देशात राहिलं तेच हातोहात फिरतं, आणि त्याची किंमत ऐकून साडूंनी पहिल्यांदा कंबर सोडून छातीवर हात ठेवला. शिवाय ते सगळं पोलादी. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' म्हणून टायटॅनियम मिश्रधातूचं अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, सव्वा लाखाच्या घरात किंमत. पण साडूंना रिव्हॉल्व्हर नको. "ते पोट असलेलं असतं. आधीच माझं हाय."

शेवटी दुकानदाराने आतून एक डबा आणला. बत्तीस बोअर, चौकट पॉलिमरची. काळं, मऊ चमक नसलेलं, मुठीवर बारीक दाणे. मी ते ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने त्या दुकानात आजवर कुणी पिस्तूल बघितलं नसेल. पार्टिंग लाइन कुठे आहे, गेट कुठे दिलाय, इजेक्टर पिनांच्या खुणा कशा लपवल्यात. फ्लॅश नाही, सिंक मार्क नाही. मोल्ड चांगला होता. कुणीतरी जीव ओतला होता त्यात. मी हे बोलून दाखवणार, एवढ्यात साडूंनी दुकानदाराकडे बघितलं, परवानगी घेतल्यासारखी मान हलवली आणि उजव्या हाताचं मधलं बोट अंगठ्याला लावलं.

टप.

दुकानात शांतता पसरली. गल्ल्यामागचा गणपतीसुद्धा दुसरीकडे बघत होता.

"हे अडकत-बिडकत नाय ना?" साडूंनी विचारलं, पण त्यात आता दम नव्हता. मुलगी नाकारायचं ठरल्यावर पत्रिका मागतात, तसं.

"तुमचं किती वेळा अडकलं आतापर्यंत?" दुकानदाराने उलट विचारलं.

"एकदाबी नाय."

"वाजवलंत किती वेळा?"

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरांकडे.

"पूजा करतो ना दर खंडेनवमीला," साडू म्हणाले.

हेच ते रहस्य. आमच्या कारखान्यात एक मशीन होतं, ज्याचं रिजेक्शन सहा महिने शून्य होतं. साहेब खूश, भिंतीवर तक्ता लागला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्या मशीनवर सहा महिने जॉबच लागला नव्हता. साडूंच्या पोलादी पिस्तुलाचा लौकिक त्या जातीचा. लग्नात हौस म्हणून हवेत वाजवावं, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मांडवातला प्रत्येक मोबाइल साक्षीदार. त्याच दुरुस्तीने तीनच्या जागी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली. म्हणजे प्लॅस्टिकचं घेतलं तर दुसरी जागाही भरणार. साडूंना हा हिशेब जमिनीच्या हिशेबासारखा वाटला. शेवटचा गुंठा असा घाईने द्यायचा नसतो.

परत येताना नाशिक फाट्यावर अडकलो, तेव्हा मी काम हातात घेतलं. आमच्याकडे काही बिघडलं की व्हाय-व्हाय करतात. का, का, का असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. म्हटलं, "साडूभाऊ, कंबर कधीपासून दुखते?"

"झाली तीन वर्षं."

"२०२४ला लोकसभेच्या वेळी पिस्तूल ठाण्यात जमा होतं. पुन्हा विधानसभेला जमा. बरोबर?"

"बरोबर. पावती हाय."

"मग त्या वेळी कंबर राहिली का?"

साडूंनी बराच वेळ पुढच्या कंटेनरच्या मागच्या दिव्यांकडे बघितलं. "नाय," ते म्हणाले. "उलट विधानसभेला जास्ती धरली."

म्हणजे आरोपी तुरुंगात असताना गुन्हा घडत होता. मी विचारलं, पिस्तूल भरतं किती? साडूंनी ते रिकामं करून घरच्या कांद्याच्या काट्यावर घातलेलं होतं. साडेसहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर. मी त्यांना सांगितलं, की ज्या ग्लॉकसाठी आपण पुण्याला गेलो ते मोठं पिस्तूल आहे, हलकं म्हणून गाजलेलं, आणि रिकामं सव्वासहाशेच्या आसपास भरतं. तुमचं बत्तीस मुळात लहान, म्हणून पोलादी असूनही तेवढंच. प्लॅस्टिकवर जाऊन वाचणार काय, तर एक कांदा. तोही लहान.

"मग कंबर?"

"उजव्या बाजूला आणखी काय असतं?"

साडूंनी सीटबेल्ट सैल केला, अंग तिरकं केलं आणि पिस्तुलाच्याही मागून, पट्ट्याच्या कडीत अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या मांडीवर टाकला. अकरा शेड, प्रत्येकाला शटरची दोन कुलुपं, ऑफिसचं एक, विहिरीच्या मोटरचं एक, गोठ्याचं एक, चेतकचं एक, आणि वडिलांच्या ट्रंकेची एक पितळी किल्ली, जिची ट्रंक आता नाही. माझ्या मांडीला ते ओझं कळलं. घरी जाऊन तोच काटा काढला. नऊशे चाळीस ग्रॅम.

मी साहजिकच विजयी मुद्रेने सुचवलं, की हा जुडगा डाव्या बाजूला घ्या, किंवा घरी खिळ्याला लावा. साडू म्हणाले, "किल्ल्या उजव्या अंगालाच असाव्या. वडील तसंच लावायचे." आणि पिस्तूल डावीकडे? "डाव्या हातानं कोण काढतं?" काढायचं कधी नसतंच, हे मी बोललो नाही. साडूंच्या घरी जेवण चांगलं असतं.

तरी कुठेतरी माझं म्हणणं पोचलं असावं. खंडेनवमीला आम्ही चाकणला गेलो. त्या दिवशी या पट्ट्यात फिरून बघा. लेथला झेंडू, मोल्डिंग मशीनच्या हॉपरला आंब्याचे टाळे, फोर्कलिफ्टच्या पात्यांवर हळदीकुंकवाची बोटं. मी स्वतः अजून घरी मायक्रोमीटर आणि व्हर्नियर पाटावर मांडतो. साडूंच्या ओसरीवर पाट होता, त्यावर कोयता, विळा, नांगराचा फाळ, चेतकची किल्ली आणि मधोमध ते पोलादी बत्तीस, मॅगझिन काढून वेगळं ठेवलेलं. नातवाने जत्रेतलं लाल प्लॅस्टिकचं टिकल्यांचं पिस्तूल आणून हळूच शेजारी सरकवलं. साडूंनी आधी डोळे वटारले, मग त्यालाही कुंकू लावलं. पूजा झाल्या झाल्या पोरगं ते घेऊन अंगणात पळालं. मोठ्या पिस्तुलाकडे बघत मी विचारलं, "मग, प्लॅस्टिकचं रद्द?"

"रद्द म्हणजे रद्द," साडू म्हणाले. "लोखंड ते लोखंड. पण तुमचं ऐकलं बरं का मी. पट्टा बदलला. चामड्याचा रुतायचा. हा रुंद हाय, सगळं वजन कमरेभोवती सारखं वाटून घेतो. जुडगा, पिस्तूल, मोबाइल, समदं ह्यावरच. महिना झाला, दुखणं निम्म्यावर." आणि त्यांनी तो काढून कौतुकाने माझ्या हातात दिला.

मी उलटसुलट करून बघितला. विणलेला नायलॉन. बक्कलही मोल्डिंगचं, अॅसिटलचं असावं. आतल्या बाजूला गेटची खूण स्पष्ट दिसते, काम नीटस आहे. वरून त्याला धातूसारखा करडा रंग दिलाय आणि साडूंनी अजून त्याला टिचकी मारलेली नाही. मी काही बोललो नाही. चाकणकडे तुमचं येणं-जाणं असेल, तर तुम्हीही बोलू नका.